‘फोड’ : चहाच्या सुट्टीतला फळं कापायचा खेळ, कामाच्या नोंदी

दिवसा मी दुकानदारांसाठी बिलं छापणारं सॉफ्टवेअर लिहिते. राहायला डोंबिवली, नोकरी ठाण्याला. खेळ बनवण्याचा अनुभव शून्य. आमच्या ऑफिसखाली चहाची टपरी आहे. कटिंग हातात पडून संपेपर्यंत सात-आठ मिनिटं मिळतात. तेवढ्यात जो तो फोन काढतो आणि बहुतेक खेळ तोवर नुसते सुरूच होत असतात. आधी लोगो, मग खातं उघडा, मग आजचं बक्षीस घ्या, मग जाहिरात. तेवढ्यात चहा निवतो. मला त्या सात मिनिटांत मावणारा खेळ करायचा होता.

फळं कापायची कल्पना माझी नाही, हे आधीच सांगते. ब्रिस्बेनच्या हाफब्रिक स्टुडिओजने २०१० साली आयफोनवर ‘फ्रूट निंजा’ आणला आणि तेव्हापासून या प्रकाराचे असंख्य खेळ निघाले. त्यांचं नाव, चित्रं, आवाज यांतलं काहीही घ्यायचं नाही, एवढी मर्यादा मी पहिल्याच दिवशी घालून घेतली. पुढच्या नोंदी वहीतून जवळजवळ जशाच्या तशा उतरवल्या आहेत. कुणी असलंच काही करायला बसणार असेल तर निदान माझे गेलेले दिवस त्यांचे जाऊ नयेत.

८ फेब्रुवारी २०२५

गोडो ४.३ हे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे, परवाना एमआयटीचा, उद्या चार पैसे मिळाले तरी कुणाला वाटा द्यावा लागत नाही. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चाललं.

पडदा उभा, ७२० बाय १२८० पिक्सेल. आडवा धरला की दोन हात लागतात आणि एका हातात चहा असतो. संध्याकाळपर्यंत एक लाल गोळा खालून वर उडून परत खाली पडायला लागला. त्याला मी कलिंगड म्हणते आहे.

९ फेब्रुवारी

सकाळी सासूबाई खाली बसून विळीवर काकडी चोचवत होत्या. डोक्यात आलं, आपल्याकडे पातं जागेवर असतं आणि फिरतं ते फळ. तलवार-बिलवार कशाला? पडद्याच्या तळाशी विळी ठेवावी आणि बोटाने फळ तिच्यावर ढकलावं. कल्पना इतकी आवडली की अख्खा रविवार तिच्यावर घातला.

१६ फेब्रुवारी

विळी रद्द. आठवडाभराच्या संध्याकाळी गेल्या.

कारण साधं आहे. फळ ढकलायचं तर बोट फळावर ठेवावं लागतं आणि बोटाखाली फळ दिसत नाही. मधल्या जागेत तर नुसतं अंगठ्याचं नखच दिसत होतं. शिवाय पातं एकाच ठिकाणी असल्यामुळे कापण्याची जागाही एकच, दहाव्या फळाला कंटाळा येतो. माझ्या भाच्याने दोन डाव खेळून “मावशी, हे कामासारखं आहे” असा निकाल दिला. वय वर्षं अकरा. त्याला पुढे बऱ्याच ठिकाणी उद्धृत करणार आहे.

विळीचं चित्र खेळाच्या आयकॉनसाठी ठेवलं. बाकी नेहमीचा मार्ग, बोटाने रेघ ओढायची.

२२ फेब्रुवारी

रेघ ओढली की फळ कापलं जातं. पण कधी कापलं जातं, कधी नाही. हळू ओढली तर शंभर टक्के, जोरात ओढली तर तीनातलं एक सुटतं. जोरात ओढणं हीच तर यातली गंमत.

मी बोटाच्या टोकाला एक छोटं वर्तुळ चिकटवलं होतं. ते फळाला टेकलं की कापलं, असा हिशोब. वहीवर आकडे मांडले तेव्हा घोळ कळला. झटक्यात ओढलेली रेघ सेकंदाच्या दहाव्या भागात सातशे पिक्सेल जाते. सेकंदाला साठ फ्रेम (म्हणजे पडदा साठ वेळा नव्याने रंगतो) धरल्या तर एका फ्रेममध्ये बोट जवळपास ११७ पिक्सेल उडी मारतं. माझं फळ ११० पिक्सेल रुंद. म्हणजे एका फ्रेमला बोट फळाच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे. मधे ते कुठेच नव्हतं.

उपाय : बोटाचा बिंदू तपासायचा नाही, मागच्या फ्रेमचा बिंदू आणि आत्ताचा बिंदू यांना जोडणारी रेघ तपासायची. फळाच्या मध्यापासून त्या रेघेवरचा सर्वांत जवळचा बिंदू किती लांब आहे ते काढायचं, अंतर त्रिज्येपेक्षा कमी असेल तर कापलं. रेघेवरचा जवळचा बिंदू काढून देणारं फंक्शन गोडोमध्ये तयार आहे. मी ते न बघता स्वतः लिहीत बसले, त्यात एक तास गेला.

त्रिज्या मुद्दाम पंधरा टक्के वाढवली. डोळ्यांना ‘निसटता लागला’ असं वाटतं तिथे खेळाने खेळणाऱ्याची बाजू घ्यावी. काटेकोर गणित ठेवलं तेव्हा सगळे म्हणाले फोन खराब आहे.

अजून एक : बोट नुसतं टेकवून ठेवलं आणि फळ येऊन त्यावर पडलं तरी कापलं जात होतं. त्यासाठी कमीत कमी वेगाची अट घातली.

२ मार्च

भाच्याच्या वडिलांनी नवा फोन घेतला. त्यावर खेळ टाकला आणि फळं बंदुकीतून सुटल्यासारखी उडाली. माझ्या फोनवर सगळं छान.

त्यांचा पडदा सेकंदाला १२० वेळा रंगतो, माझा ६०. मी प्रत्येक फ्रेमला ‘इतके पिक्सेल सरक’ असं लिहिलं होतं, त्यामुळे दुप्पट फ्रेम म्हणजे दुप्पट वेग. हे प्रत्येक शिकवणीच्या पहिल्या पानावर असतं आणि मी ते वाचलंही होतं. आता प्रत्येक ठिकाणी मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्याने गुणते. मागच्या नोंदीतली किमान वेगाची अटसुद्धा फ्रेममागे पिक्सेल अशीच होती, तीही सेकंदाच्या हिशोबात आणली.

याच निमित्ताने फेकण्याचे आकडे नीट बसवले. आधी मी वेग अंदाजाने टाकून बघत होते : सेकंदाला १२०० पिक्सेल कमी, १८०० जास्त, असं. उलट करावं. फळ किती उंच जायला हवं ते आधी ठरवावं आणि वेग त्यावरून काढावा. गुरुत्व १४०० आणि उंची ८५० धरली तर दोन गुणिले १४०० गुणिले ८५०, त्याचं वर्गमूळ, साधारण १५४३. वर जायला १.१ सेकंद, खाली यायला तेवढाच. अकरावीत केलेलं हे गणित आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं.

८ मार्च

आजची नोंद मोठी आहे, कारण आज मजा आली.

आतापर्यंतची फळं मी लॅपटॉपवर काढली होती. बाहेरून ठीक दिसायची, पण कापल्यावर आतून प्लास्टिक. लाल गोल आणि त्यावर काळे ठिपके म्हणजे कलिंगड नव्हे. या खेळात फळ पाव सेकंदच कापलेलं दिसतं, पण डोळा बघतो तो तेवढाच भाग. म्हणून खरी फळं आणून कापून फोटो काढायचे ठरवले.

स्टेशनबाहेरून आणलं : एक कलिंगड, दोन पेरू, दोन मोसंबी, चार चिकू, एक पपई, एक डाळिंब, केळी आणि एकच हापूस. मार्चच्या सुरुवातीचा हापूस, त्यामुळे विक्रेत्याने एकच मागितल्यावर माझ्याकडे पाहिलं तेही समजू शकते. एकूण ६४० रुपये. खिडकीपाशी पांढरा कार्डशीट, दुसऱ्या बाजूने थर्माकोलचा तुकडा, फोन स्टुलावर.

यातून जे कळलं ते चित्रं काढताना कधीच कळलं नसतं.

मोसंबी आडवी कापली तर पाकळ्यांचं चाक दिसतं, उभी कापली तर काहीच दिसत नाही. डाळिंब सुरीने सरळ कापलं की दाणे फुटून रस सगळीकडे उडतो आणि कापलेली बाजू मळकी दिसते. ते वरून चीर देऊन हाताने उलगडावं लागलं. पेरूची फोड दहा-पंधरा मिनिटांत निस्तेज होते, तिचा फोटो सर्वांत आधी घ्या. चिकूची काळी बी चमकते आणि त्या एका चमकेमुळे चिकू चिकू दिसतो. सुरी मधोमध गेली तर बी निसटून पडते, थोडी बाजूने घ्यावी. सगळ्याच फळांचा ओलेपणा उजेडात लगेच उडतो, म्हणून इस्त्रीच्या पाण्याची फवारणी बाटली जवळ ठेवली.

हापूस मात्र अडला. आंबा मधोमध कापला जातच नाही, सुरी कोयीवर थांबते. आपण गाल काढतो. मी आधी दोन्ही अर्धे सारखे, बिनकोयीचे दाखवले होते आणि बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, काहीतरी चुकतंय. आता एका अर्ध्याला कोय चिकटलेली आहे आणि दुसरा नुसता पिवळाजर्द गाल आहे. दोन अर्धे वेगळे असलेलं हे खेळातलं एकच फळ. आंबा कापला गेल्याचं आता लोक लगेच ओळखतात.

सीताफळ यादीत होतं. ते मार्चमध्ये बाजारात मिळत नाही आणि मिळालं तरी ते कापायचं फळ नाही, फोडायचं आहे. काढून टाकलं.

रात्री सगळ्यांनी फोटोतली फळं खाल्ली. फवारणीचं पाणी पिण्याचंच होतं, हे दोनदा सांगावं लागलं.

९ मार्च

कालचे फोटो फोनमधून जसेच्या तसे प्रकल्पात टाकले. एकेक चार हजार पिक्सेल रुंद. बिल्ड, म्हणजे फोनवर टाकायची खेळाची तयार फाइल, १४८ एमबी झालं आणि दोन जीबी रॅमच्या फोनवर उघडलंच नाही. (हा फोन मुद्दाम २,८०० रुपयांना वापरलेला घेतला आहे. स्वतःच्या चांगल्या फोनवर तपासून काही कळत नाही.) पडद्यावर फळ ११० पिक्सेलचं दिसतं, त्याला चार हजार कशाला? प्रत्येक २५६ वर आणलं, सगळी एका मोठ्या चित्रात शेजारी-शेजारी बसवली. ३४ एमबी.

१४ मार्च

धुळवड. सोसायटीत खाली सगळे रंगलेले, मी वर.

फळ नेमकं ज्या कोनात रेघ ओढली त्याच कोनात दुभंगावं, हा माझा हट्ट होता. फळाच्या आकाराचा बहुभुज करून तो रेघेने छाटायचा, दोन तुकड्यांवर चित्र परत चढवायचं. हे जमलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मग दोन जीबीच्या फोनवर एका रेघेत चार फळं कापली आणि खेळ अडखळला. शिवाय कडेची बारीक कापली की नखाएवढा तुकडा आणि उरलेलं अख्खं फळ असं व्हायचं. गणित बरोबर, मजा नाही.

तीन दिवसांचं काम पुसून टाकलं. आता प्रत्येक फळाचे दोन अर्धे आधीच तयार आहेत. कापण्याच्या क्षणी अख्खं फळ गायब करायचं, अर्धे रेघेच्या कोनाला फिरवून तिथे ठेवायचे, वरून रसाचा शिडकावा. फळाची फिरकी त्या एका फ्रेममध्ये अचानक बदलते, पण शिडकाव्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. भाच्याला सांगितल्यावरही दिसलं नाही.

केळं सोडून. लांब फळ अचानक वळलं की लगेच दिसतं. केळं आता कुठूनही कापा, आडवंच तुटतं.

२३ मार्च

आवाज. कलिंगडावर सुरी मारून तो टिपला, तर ऐकायला दार आपटल्यासारखा. पेरू बरा. सर्वांत रसरशीत आवाज कोबीचा गड्डा पिळून तोडल्यावर निघाला. खेळातली सगळी फळं आतून कोबी आहेत.

पण आवाज उशिरा येत होता. कापलं, मग क्षणभराने ‘खच्च’. अँड्रॉइडवर आवाजाला थोडा उशीर होतोच असं वाचलं होतं, म्हणून दोन संध्याकाळी सेटिंगं खालीवर करत बसले. आज सहज फाइल ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. सुरुवातीला ०.०९ सेकंद शांतता. टिपताना बटण दाबून मग कोबी तोडला होता, तेवढीच. कापून टाकली, उशीर गेला.

एकच आवाज सारखा वाजला की शिवणयंत्रासारखा वाटतो. दर वेळी स्वर नऊ दशांश ते एक पूर्णांक एक दशांश पटीत इकडेतिकडे करते. तेवढ्याने पुरतं.

३० मार्च

पाडवा. श्रीखंड खाऊन दुपारी कामाला बसले.

एका रेघेत तीन फळं कापली की खेळ क्षणभर थबकतो, साधारण पन्नास मिलिसेकंद. त्या थबकण्याने फटका ‘लागल्यासारखा’ वाटतो. त्यासाठी मी खेळाचा काळ शून्यावर आणला आणि पन्नास मिलिसेकंदांनी परत सुरू करायला टायमर लावला. खेळ थबकला तो थबकलाच. काळ शून्यावर, म्हणजे तो टायमरही त्याच काळात अडकलेला. टायमरला ‘खेळाचा वेग धरू नको’ असं सांगायची सोय आहे, ती वापरली.

पहिल्या फळाला झटका बसत होता, पुढे नाही. रसाचा शिडकावा पहिल्यांदा दाखवताना फोन त्याची तयारी करतो, तो वेळ. आता खेळ उघडतानाच पडद्याबाहेर एक शिडकावा उडवून घेते. कुणालाही न दिसणारं एक फळ दर वेळी आधी कापलं जातं.

१२ एप्रिल

भाच्याने खेळाची वाट लावली. बोट उचलतच नाही! पडद्यावर खसाखसा घासत राहतो, जे येईल ते कापलं जातं. वर मी ‘एका रेघेत किती’ हे बोट टेकल्यापासून उचलेपर्यंत मोजत होते, त्यामुळे त्याच्या नावावर ३१ फळांची एक रेघ.

दोन बदल. रेघेचं आयुष्य ०.४ सेकंद, पुढे तिची धार जाते आणि बोट उचलावं लागतं. आणि पाव सेकंदात नवं फळ कापलं नाही तर मोजणी शून्यावर. भाचा रुसला. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाला, आता नेम धरावा लागतो.

१५ ते १८ एप्रिल

चार दिवस येता-जाता लोकलमध्ये उभं राहून खेळले. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन, खेळायला फक्त अंगठा. घरच्या सोफ्यावर दोन महिन्यांत जे दिसलं नाही ते मुंब्र्याच्या आत दिसलं.

पडद्याच्या वरच्या चाळीस टक्के भागात अंगठा पोचतच नाही. उंची ८५० वरून ६५० केली, वेग १३४९ झाला. फळं जरा लवकर खाली येतात म्हणून गुरुत्वही थोडं कमी केलं.

डाव्या कडेपासून रेघ ओढली की अँड्रॉइडला वाटतं ‘मागे जा’. ऐन रंगात खेळ बंद. आता मागे जाण्याची खूण मिळाली की खेळ बंद न होता थांबतो आणि कडेपासून ६० पिक्सेलांत फळ उडत नाही.

फोन आला, बोलले, परत आले तर डाव संपलेला. मी डावाचा वेळ घड्याळातून मोजत होते; घड्याळ काही माझ्या फोनसाठी थांबत नाही. आता फक्त खेळाचा चाललेला वेळ जमा होतो आणि परत आल्यावर तीन, दोन, एक.

शेजारच्या बाईंनी विचारलं, “कुठला गेम आहे हो?” मी त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी आधी आवाज बंद केला. म्हणजे आवाजाशिवायही खेळ कळायला हवा. कोबीचे दोन दिवस आठवले.

२६ एप्रिल

डाव किती सेकंदांचा? साठाने सुरुवात केली होती. टपरीवर घड्याळ लावून बसले. साठ सेकंदांत लोक चाळीसनंतर चहाचा घोट घ्यायला बघतात. नव्वद केले तर अर्ध्यात सोडतात. ४५ वर ठरलं. डाव संपला की गुण आणि एकच बटण. आणखी एक जीव, जाहिरात बघा, मित्राला पाठवा, काही नाही. चहावाले काका म्हणाले, “संपतो हे बरंय.”

आयकॉन दाबल्यापासून पहिलं फळ उडेपर्यंत नऊ सेकंद लागत होते. लोगो काढला, मुख्य पान काढलं, सेटिंगं डाव संपल्यावरच्या पानावर नेली. पहिलंच फळ म्हणजे ‘सुरू करा’चं बटण, ते कापलं की डाव चालू. जुन्या फोनवर तीन सेकंदांच्या आत आलं.

४ मे

या प्रकारच्या खेळांत कापायचं नाही असं काहीतरी लागतं. बहुतेकांत बॉम्ब असतो. मी तो पहिल्यापासून टाळला. लोकलच्या डब्यात कुणाच्या फोनमधून स्फोटाचा आवाज यावा हे मला नको, आणि मुंबईकराला याचं कारण सांगायला लागू नये. पण बॉम्बाच्या जागी काय, हे दोन महिने सुचत नव्हतं.

काल रत्नागिरीहून सासूबाईंच्या भावाने फणस पाठवला. मी उत्साहाने सुरी घेऊन गेले, फोटो काढायचाच होता. “अगं, असा काय कापतेस? आधी तेल लाव हाताला. सुरीला पण.” तोवर उशीर झाला होता. चीक सुरीला, बोटांना आणि फोनलाही. साबणाने निघत नाही. खोबरेल तेल चोळून, कागदाने पुसून, परत तेल, असं अर्धा तास चाललं. सासूबाई बाजूला बसून हसत होत्या.

संध्याकाळपर्यंत खेळात फणस होता. फणस कापला की रेघ चिकट होते, तीन सेकंद बोटामागे पांढरट तार ओढली जाते आणि एका रेघेत एकच फळ कापलं जातं. मधूनच तेलाची वाटी उडते. ती आधी कापून ठेवली असेल तर फणस खुशाल कापा, वर दहा गरे म्हणजे दहा गुण. खेळातला आतापर्यंतचा हा सर्वांत चांगला नियम आहे आणि तो माझा नाही.

१० मे

गूगल प्लेवर प्रकाशनाचं खातं : २५ डॉलर, एकदाच. कार्डावर बँकेच्या शुल्कासकट साधारण २,२०० रुपये गेले. पहिलं बिल्ड चढवलं तर नाकारलं, कारण तपासणीच्या चावीने सही केलं होतं (चावी म्हणजे बिल्ड कुणाचं आहे ते पटवणारी फाइल). खरी चावी तयार केली, तिची प्रत पेन ड्राइव्हवर आणि पासवर्ड वहीत. नंतरचं एक बिल्ड नाकारलं, कारण आवृत्तीचा आकडा वाढवला नव्हता. दोन्ही चुका पूर्णपणे माझ्या, दोन्हींत मिळून एक रात्र.

नावावर घरात वाद झाला. ‘फोड’ म्हणजे फळाची फोड, आणि ‘फोड!’ असा हुकूमही. नवऱ्याचं म्हणणं, त्याला आधी अंगावरचा फोड आठवतो. नाव राहिलं.

१७ मे

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगल प्लेवर थेट खेळ आणता येत नाही. आधी बंद चाचणी : किमान १२ माणसं, सलग १४ दिवस. आधी ही संख्या २० होती, म्हणजे मला स्वस्तातच पडलं. ऑफिसचे सहा, सोसायटीचे चार, भाच्याचे आईवडील. बरोब्बर बारा. इथेच चुकले.

२३ मे

सोसायटीतल्या एकीने फोन बदलला आणि जुन्या फोनवरून चाचणीतून बाहेर पडली. अकरा. मोजणी गेली. रात्री साडेदहाला चार जणांना फोन केले, त्यातल्या दोघांना ‘चाचणीत सामील व्हा’ हे बटण कुठे आहे ते जिन्यात उभं राहून दाखवलं. आता पंधरा आहेत. सहा दिवस वाया. बारा लागतात म्हणून बारा घेऊ नका, अठरा घ्या.

७ जून

चौदा दिवस झाले, अर्ज केला. काय तपासलं, लोकांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं, असे प्रश्न असतात. ही वही असल्यामुळे उत्तरं वीस मिनिटांत लिहून झाली.

१५ जून

आला. सकाळी भाच्याने स्टोअरमधून उतरवून घेतला आणि पहिल्याच डावात माझा विक्रम मोडला.

खर्चाचा हिशोब : खातं २,२००, वापरलेला फोन २,८००, फळं दोन फेऱ्यांत ९१० (फणस फुकट), कार्डशीट-थर्माकोल ७०. एकूण ५,९८० रुपये. वेळ : वहीत मोजल्या तर ७४ संध्याकाळी आणि १९ सुट्ट्या. त्यातल्या पुसून टाकलेल्या कामाचा, म्हणजे विळी, बहुभुज आणि आवाजाची शांतता मिळून, अकरा दिवस. कमाई शून्य, जाहिरात नाही, त्यामुळे तशीच राहणार.

१९ जून

टपरीवर दोन तक्रारी. एक, डावखुऱ्यांना फळं उलट्या बाजूला जास्त येतात. बरोबर आहे, अंगठ्याची पोच मी माझ्याच उजव्या हाताने मोजली होती. फेकण्याची बाजू उलटवणारं बटण टाकलं. दुसरी, फणसाचा चीक फार वेळ राहतो, ४५ सेकंदांत तीन सेकंद म्हणजे अति. २.२ केले. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “तीनच ठेव. खरा चीक एवढ्यात जातो का?”

२.२ ठेवून बिल्ड चढवलं. आवृत्तीचा आकडा या वेळी आधी वाढवला.